न लागलेली चार पाने

एकतीस वर्षे न्यायालयात लघुलेखन केलेल्या माणसाला, स्वतःच्याच हाताखाली तयार झालेल्या लघुलेखिकेची चार पाने वाचता आली नाहीत, की त्याने ती वाचली नाहीत? हा प्रश्न मी त्याला विचारला, तिला विचारला आणि ज्याला उत्तर ठाऊक असण्याची शक्यता सर्वांत अधिक होती त्या तिच्या नवऱ्यालाही विचारला. तिघांनी तीन उत्तरे दिली असती तर निदान ती एकमेकांशी ताडून पाहता आली असती. पण तिघेही दुसऱ्याच विषयावर बोलू लागले. तेव्हा माझ्यापाशी उत्तर नाही हे आधीच सांगतो, आणि जे ठाऊक आहे ते क्रमाने मांडतो.

तिला कचेरीत सगळे ‘एकशेवीस’ म्हणत. मिनिटाला एकशेवीस शब्दांचे इंग्रजी लघुलेखनाचे प्रमाणपत्र घेऊन ती एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागली. पुढे वेग कितीतरी वाढला, पण नाव होते तिथेच राहिले. एखाद्या दिवशी डोके दुखत असले आणि काम रेंगाळले, तर शिपायापासून अधीक्षकांपर्यंत कुणीतरी म्हणायचेच, “आज एकशेवीस साठावर आली.” तीही हसायची. चौथ्या न्यायदालनामागच्या खोलीत चार टेबले, फितीने बांधलेल्या वह्यांचे एक कपाट आणि सायकलींच्या छपरावर उघडणारी एक खिडकी होती. त्या खिडकीशी, एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना, ती आणि ‘टाक’ सतरा वर्षे बसत होते.

टाक हे खोलीतले ज्येष्ठ लघुलेखक. बाजारात निब मिळेनाशी होईपर्यंत ते टाकानेच लिहीत, म्हणून हे नाव. ती त्यांना ‘काका’ म्हणे. प्रमाणपत्र मिळवून आलेल्या मुलीला न्यायालयाचे लघुलेखन त्यांनीच शिकवले. ‘उभय पक्षांचे म्हणणे ऐकले असता’ यासारखी रोजची वाक्ये एका वेलांटीत बसवण्याच्या त्यांच्या स्वतःच्या खुणा होत्या. त्या कुठल्याही पुस्तकात नव्हत्या. त्यांच्याखेरीज त्या फक्त तिलाच येत.

टाक यांची ख्याती वेगाची नव्हती, न गाळण्याची होती. न्यायाधीशांनी “मागचं वाचा” म्हटले की ते मागचे सगळे वाचत. एकदा एका न्यायाधीशांनी निकाल सांगता सांगता समोरच्या वकिलाविषयी पुटपुटलेला एक शेलका शब्दही त्यांनी भर न्यायालयात, त्याच संथ सुरात वाचून दाखवला होता. त्या वाचनाबद्दल त्यांना दोन वर्षे तळघरातल्या अभिलेख कक्षात काढावी लागली. परत आले तेव्हा कुणीतरी म्हणाले, “एवढा एक शब्द गाळला असता तर?” त्यावर ते म्हणाले होते, “मग पुढचा कुठला गाळायचा ते मला कोण सांगणार?”

एकशेवीसच्या मनात परदेशी जाण्याचे बीज पडले ते एका बहिऱ्या पक्षकारामुळे. तो आपल्याच दाव्याच्या सुनावणीत दिवसभर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसला होता. मधल्या सुट्टीत तिने त्याला सकाळच्या कामकाजाची टंकलिखित प्रत दाखवली, नियमात बसत नसताना. त्याने ती दोनदा वाचली आणि तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून मान हलवली. साक्षीदार खोटे बोलला होता, आणि हे त्याला दोन तास उशिरा कळत होते. बोललेले शब्द त्याच क्षणी पडद्यावर उमटवण्याचे एक यंत्र असते, काही देशांच्या न्यायालयांत बहिऱ्यांसाठी ते वापरतात, आणि त्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम एका विद्यापीठात शिकवतात, हे तिने पुढे शोधून काढले. तिच्यापाशी पदवी नव्हती. अनुभवाच्या बळावर प्रवेश देणारे ते शेवटचे वर्ष होते. पुढच्या वर्षापासून पदवी सक्तीची होणार होती. २०१७ च्या आरंभी विद्यापीठाने तिला जागा देऊ केली. अट एकच: ३० जूनपर्यंत इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, सरासरी सात गुणांचा.

ही गोष्ट तिने नवऱ्याखेरीज कुणालाही सांगितली नाही. आधी निकाल, मग बोभाटा, असे तिने ठरवले होते. त्या ठरवण्याने काय काय उगवले ते आता पाहू.

परीक्षेच्या तयारीचा क्लास टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर, आठवड्यातून तीन संध्याकाळी असे. शिकवणारे सर तिच्याहून आठ वर्षांनी लहान होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ऐकण्याची सराव परीक्षा घेतली. ध्वनिमुद्रण एकदाच वाजते, प्रश्न चाळीस, आणि शेवटी उत्तरे उत्तरपत्रिकेवर उतरवायला दहा मिनिटे. तिची चाळीसपैकी चाळीस बरोबर आली.

सरांनी तिला थांबवून घेतले. “मॅडम, हे पुस्तक घरी आहे का तुमच्याकडे?”

“नाही.”

“मागे उत्तरं छापलेली असतात त्याच्या.”

“असतील. पुस्तक तुमच्या हातात होतं.”

“बाजारात मिळतं हो. नाहीतर पानांचे फोटो फिरत असतात.”

पुढच्या वेळी त्यांनी तिला एकटीला बसवले, बॅग बाहेर ठेवायला लावली आणि कुणीच न ऐकलेले ध्वनिमुद्रण लावले. एकोणचाळीस. मग त्यांनी तिच्यापुढचा कागद उचलला. तो आकड्यांनी नव्हे, शब्दांनीही नव्हे, तर बारीक रेघा-वेलांट्यांनी काठोकाठ भरला होता.

“हे काय आहे?”

“लघुलिपी.”

“म्हणजे सगळं लिहून घेता? अक्षर न् अक्षर?”

“आणि मग वाचून उत्तर काढते.”

“म्हणजे ऐकत नाही तुम्ही.”

“लिहिते म्हणजे ऐकतेच की.”

सर खुर्चीत मागे रेलले. “परीक्षेत असं करू नका. उत्तरापुरतं टिपण चालतं. सगळा मजकूर उतरवला तर ती प्रत झाली. लोक बटणात कॅमेरा लावून पेपर बाहेर काढतात मॅडम. हे बघितलं तर कुणीही म्हणेल, ही बाई पेपर नेतेय.”

“डोक्यातून नेला तर?”

“डोक्यातलं दिसत नाही. हे दिसतं.”

लघुलेखकाच्या कामात ऐकणे आणि समजणे या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. सांगणारा बोलत असताना जो अर्थ लावत बसतो, तो मागे पडतो. कानाने शब्द घ्यायचा, हाताने ठेवायचा. अर्थाचे काम नंतर, टंकलेखन करताना. सतरा वर्षे हेच केलेल्या बाईची पेन्सिल सरांनी काढून घेतली तेव्हा चाळीसपैकी सतरा आले. “पेन्सिल नसली की मला ऐकूच येत नाही,” असे तिने सांगितले, आणि सरांना ते खरे वाटले नाही. बाई काहीतरी लपवते आहे हा त्यांचा ग्रह शेवटपर्यंत गेला नाही. तरीही त्यांनी तिच्यावर कष्ट घेतले. फक्त संख्या, वार, ठिकाणे टिपायची आणि मध्ये पेन्सिल टेबलावर ठेवायची, असा दीड महिना सराव झाला. सतरावरून ती तीसपर्यंत आली.

बोलण्याच्या परीक्षेची अडचण निराळी होती. आयुष्यभर निकालपत्रांतली इंग्रजी लिहिलेली ही बाई बोलतही तशीच. आवडत्या जागेविषयी सांगा म्हटल्यावर तिने सदरहू जागा कोठे आहे, तिच्या चारही बाजूंना काय आहे, हे क्रमाने सांगितले.

“मॅडम,” सर म्हणाले, “जागा आवडते का ते सांगा. ताबा कुणाचा ते नको.”

घरातले वारे वेगळे होते. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम करी. आवाज कधी न चढवणारा, पण मनात आलेली शंका काचेसारखी सावकाश, सगळ्या बाजूंनी घासत राहणारा माणूस. एकशेवीस घरी शब्दांच्या याद्या करी, त्या साहजिकच लघुलिपीत. तो वही उघडून बघे आणि मिटून ठेवी.

“यात काय आहे?”

“शब्द. पाठ करायचे.”

“मग साध्या अक्षरात लिही ना.”

“सवय झालीय हो.”

“सतरा वर्षं ही सवय कचेरीत होती. घरात आत्ताच लागली.”

खालच्या मजल्यावर राहणारी, शिवणकाम करणारी नणंद इतकी आडवळणाने बोलत नसे. भावाकडून तिला सगळे कळले होते. मशीनवरून डोके न उचलता तिने एकदा सांगितले, “वहिनी, जायचं तर सांगून जा. म्हणजे आम्ही उगीच वाट बघायला नको.”

“दोन वर्षांचा कोर्स आहे. परत येणार आहे मी.”

“परत येणारी माणसं एवढा अभ्यास करत नाहीत.”

आणि कचेरीत टाक बघत होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार ही पाचच्या ठोक्याला उठते. खण कुलपात असतो. वर्षभराने ते निवृत्त व्हायचे होते आणि प्रमुख लघुलेखकाची जागा त्याआधी निदान काही महिने तरी आपल्याला मिळेल, ही त्यांची एकमेव आशा होती. त्या जागेसाठी खात्याची परीक्षा घेणार असल्याची कुजबुज होती. त्यांनी हिशेब मांडला आणि तो चोख जुळला: पोरगी आपल्याच पाठीमागे आपल्याच जागेचा अभ्यास करते आहे. त्यांनी विचारले नाही, कारण तिने आपणहून सांगावे असे त्यांना वाटत होते.

एप्रिलच्या मध्याला तिच्या टेबलावर प्रशासनाचे ज्ञापन आले. परदेशी शिक्षणासाठीच्या परीक्षेस बसण्यापूर्वी पूर्वपरवानगी का घेतली नाही, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. सही प्रबंधकांची होती. पण तिने सहीकडे पाहिलेच नाही. डावीकडे चार बोटे सोडलेला समास, तारीख खाली उजवीकडे, परिच्छेदाचा आरंभ बरोबर आठ घरे आत. हा हात टाक यांचा, हे तिला पहिल्या नजरेत कळले, आणि लघुलेखकांच्या खोलीतच होऊ शकेल अशी चूक तिने केली. ज्याने टंकलेखन केले त्यानेच तक्रार केली, असे ती धरून चालली. दिवसाला दहा जणांचे शब्द स्वतः टाईप करणाऱ्या बाईने.

तिने खुलासा दिला. ताकीद देऊन परवानगीही मिळाली. मात्र टाक यांच्याशी बोलणे तिने बंद केले. पेन्सिलींना टोक करण्याचे यंत्र टेबलाच्या त्यांच्या टोकाला बसवलेले होते. तिने स्वतःचे विकत आणले आणि आपल्या टोकाला लावले. टाक यांनी ते पाहिले. आपला हिशेब बरोबर होता याची त्यांना आणखी एक खूण पटली.

परीक्षा १३ मे रोजी, एका संस्थेच्या सभागृहात झाली. बोटांचे ठसे, छायाचित्र, खिसे रिकामे. पेन्सिल केंद्राचीच, प्रत्येकाला एक, आणि तिची आधीच झिजलेली. ऐकण्याच्या परीक्षेच्या पहिल्या दोन भागांत तिने सरांनी शिकवले तसेच केले: वार, वेळ, आकडा, आणि पेन्सिल खाली. तिसऱ्या भागात दोन विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक एका पाहणीविषयी वाद घालत होते. एकाचे संपायच्या आत दुसरा सुरू होई, अगदी दोन वकील भिडल्यासारखा. “मला कळलं तेव्हा चौथा भाग संपत आला होता,” असे ती सांगते. हात आपला आपण चालत गेला होता. प्रश्नपुस्तिकेची उरलेली चार पाने, समासासकट, भरली होती. मग त्या दहा मिनिटांत तिने ती वाचली आणि उत्तरे लिहिली.

पुस्तिका गोळा करणाऱ्या पर्यवेक्षिकेने तिची पुस्तिका उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग दुसऱ्या पर्यवेक्षकाला बोलावले. दोघांनी मिळून ती एका वेगळ्या पाकिटात घातली आणि पाकिटाच्या तोंडावर तिची सही घेतली.

२६ मे रोजी सगळ्यांचे निकाल लागले. तिला पत्र आले. परीक्षेतील मजकुराची प्रत करून तो बाहेर नेण्याचा प्रयत्न झाल्याचा संशय असल्यामुळे निकाल रोखून ठेवण्यात येत आहे. १६ जून रोजी चौकशी होईल. ही लिपी वाचू शकणारी, नात्यातली नसलेली आणि क्लासशी संबंध नसलेली व्यक्ती उमेदवाराने सोबत आणावी. पाने उत्तरापुरती टिपणे ठरल्यास निकाल दिला जाईल. सलग प्रत ठरल्यास दोन वर्षे परीक्षेला बंदी आणि विद्यापीठाला तशी सूचना.

पाने सलग प्रत होती हे तिला ठाऊक होते. ती बाहेर नेण्याचा विचारही मनात नव्हता हेही ठाऊक होते, पण ते कुठल्याच कागदावर लिहिलेले नव्हते. आणि जगात ती पाने वाचू शकणारा माणूस एकच होता. तोही असा, की लिहिलेले गाळत नाही.

मधल्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर ती टाक यांच्या टोकाला जाऊन उभी राहिली. दीड महिन्यात प्रथमच.

“काका, एक काम होतं.”

“तुझं यंत्र बिघडलं का टोकाचं?”

तिने पत्र पुढे केले. त्यांनी ते दूर धरून, मग जवळ धरून वाचले.

“म्हणजे ही परीक्षा होती तर,” ते म्हणाले. “आणि मी समजत होतो, माझी खुर्ची मापतेयस.”

“तुम्हीच तक्रार केलीत ना? ज्ञापन तुम्ही टाईप केलं होतंत.”

“प्रबंधकांनी सांगितलं, मी लिहिलं. माझं कामच ते आहे. तुझं काय आहे?”

तिने पत्र परत घेतले. मग म्हणाली, “मग त्यांना कुणी सांगितलं?”

“मला विचारायला आलीस की माझी उलटतपासणी घ्यायला?”

“विचारायलाच आले.”

टाक यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुझा नवरा आला होता. प्रबंधकांच्या दाराशी मी उभा होतो, ऐकू आलं. अभ्यासाची रजा संपल्यावर माणसाला परत यावंच लागतं का, की तिकडून राजीनामा पाठवला तरी चालतो, असं विचारत होता. बिचारा तक्रार करायला आलाच नव्हता.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“तू मला सांगितलं होतंस?”

बाहेर कुणीतरी सायकल काढत होते. छपराचा पत्रा वाजला. ती म्हणाली, “त्या चार पानांत...”

“सांगू नकोस,” टाक म्हणाले. “सांगितलंस तर मी वाचणार नाही, आठवणार. पुढ्यात येईल ते बघू.”

येतो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्या दिवशी तिने घरी नवऱ्याला सरळ विचारले.

“तुम्ही कचेरीत गेला होतात?”

“गेलो होतो.”

“मला का नाही विचारलंत?”

“तू काय सांगशील ते मला माहीत होतं,” तो म्हणाला. “कचेरीचा नियम काय ते माहीत नव्हतं.”

त्या दिवसापासून एक नवीच शंका तिच्या मनात येऊन बसली. टाक यांचा चष्मा तिच्या नवऱ्याच्याच दुकानातून होत असे. जानेवारीत ते तिथे डोळे तपासून गेले होते आणि नवी काच नवऱ्याने स्वतः बसवली होती. टाक यांना आता किती दिसते, हे कचेरीत कुणालाही ठाऊक नव्हते. ते नवऱ्याला ठाऊक होते. लघुलिपीत बारीक रेघ आणि जाड रेघ यांनी वेगवेगळे उच्चार दाखवतात. ज्याला हा फरक दिसत नाही, त्याला पान लागत नाही. ज्याची बायको नापास ठरली तर घरीच राहणार आहे, त्या माणसाला हे ठाऊक असणे चांगले की वाईट, याचा तिला अंदाज येईना.

१६ जूनला टाक आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली. केंद्राच्या एका लहान खोलीत तपास अधिकारी बाईंनी पाकीट उघडले. त्यांच्यापुढे ध्वनिमुद्रणाची छापील संहिता होती. एकशेवीसला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून, काहीही बोलायचे नाही असे बजावले गेले.

पहिली चार पाने टाक यांनी न अडखळता वाचली. “मंगळवार. साडेनऊ. दोन खोल्या. पुलाजवळ. सामान स्वतः आणणे.” बाई संहितेत एकेका शब्दावर खूण करत गेल्या. ही टिपणे होती यात शंका नव्हती.

पाचव्या पानावर टाक थांबले. चष्मा पुसला. पान खिडकीच्या उजेडापुढे धरले.

“पाहणी. मग... नमुना. मधलं लागत नाही.”

“पुढची ओळ?”

“तीन आकडा आहे. बाकी लागत नाही.”

“हिला तुम्हीच शिकवलंत ना?”

“मीच.”

“मग?”

“शिकवलं मी. हात तिचा आहे. आणि पेन्सिल बोथट होती. बारीक रेघ आणि जाड रेघ सारखीच उमटलीय.” आणि ते पुढे म्हणाले, “पेन्सिल तुमची.”

बाईंनी लेखणी खाली ठेवली. “हे बघा, लघुलेखन शिकवणाऱ्या एका संस्थेला आम्ही प्रत पाठवली होती. त्यांनी कळवलंय की यातल्या निम्म्या खुणा कुठल्याच पुस्तकात नाहीत. त्या तुमच्या आहेत, असं या उमेदवार सांगतात. आता तुम्हालाही लागत नाही म्हणता. हे मी खरं मानायचं?”

“तुम्ही काय मानायचं ते मी कसं सांगू? मला काय लागलं तेवढं सांगतो.”

“न्यायालयात लागलं नाही तर काय करता?”

“लागत नाही असं सांगतो.”

“आजवर कितीदा सांगितलंय?”

टाक यांनी पान टेबलावर ठेवले आणि तळहाताने सपाट केले. “आज पहिल्यांदा,” ते म्हणाले.

बाईंनी उरलेली चार पाने ओळीने वाचून घेतली. दर ओळीला एखादा शब्द लागे, कधी तोही नाही. चार पानांत मिळून तेवीस शब्द झाले. ते सारे नामे, आकडे, वार असे होते. टिपणात असावेत तसेच. हे चतुराईने निवडलेले होते, की अधू डोळ्यांना ठळक आकृत्याच काय त्या दिसतात म्हणून उरले होते? बाईंनाही हाच प्रश्न पडला असावा, कारण त्यांनी यादी दोनदा वाचली. शेवटी टाक यांनी निवेदन स्वतःच्या हाताने लिहिले: पहिली चार पाने ही टिपणे आहेत; पुढील चार पानांत मला लागलेले शब्द खाली दिले आहेत; उरलेले मला लागले नाही. खाली सही, तारीख उजवीकडे.

त्या निवेदनातले वाक्य कुठल्याही बाजूने खोटे ठरत नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. ते लिहिणाऱ्याने आयुष्यभर साक्षी-जबान्या लिहिल्या होत्या.

एकशेवीसचे म्हणणे असे की, काकांनी पान उजेडापुढे धरले तेव्हा कोपऱ्यातून, मागच्या बाजूने, उलटी दिसत असूनही तिला पाचव्या पानाची पहिली ओळ पूर्ण लागत होती. पण हात तिचा, डोळे छत्तिशीतले, आणि ती ओळ तिला आधीच ठाऊक. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. जिना उतरताना तिने विचारले, “काका, खरंच लागलं नाही?” टाक यांनी कठडा धरला होता. ते म्हणाले, “पायऱ्या बघ. शेवटची आखूड आहे.”

पुढे मी तिच्या नवऱ्याला दुकानात गाठले आणि टाक यांचा त्या जानेवारीतला नंबर विचारला. “गिऱ्हाइकाचा नंबर मी कुणाला सांगत नाही,” तो म्हणाला, आणि समोरची काच फुंकर मारून पुसू लागला. चौकशीच्या आधी टाक पुन्हा दुकानात आले होते का, हेही मी विचारले. तेही त्याने सांगितले नाही. एक मात्र खरे. ह्या साक्षीदाराचे डोळे भरवशाचे नाहीत, किंवा ते अगदी ठणठणीत आहेत, यांपैकी काहीही तो केंद्राला कळवू शकला असता. पहिल्याने साक्षच बाद झाली असती, दुसऱ्याने साक्षीदार खोटा पडला असता. बायको दोन्ही प्रकारे घरीच राहिली असती. त्याने काही कळवले नाही. का, हे नणंदेने एकदा त्याला सगळ्यांसमक्ष विचारले होते. “मला कुणी विचारलं नाही,” एवढेच तो म्हणाला.

२८ जून रोजी केंद्राचे पत्र आले. पुरेशा पुराव्याअभावी कारवाई बंद करण्यात येत असून रोखून ठेवलेला निकाल देण्यात येत आहे. ऐकण्यात साडेआठ, बोलण्यात साडेसहा, सरासरी साडेसात. कचेरीत कुणी अभिनंदन केले तर ती पत्रातल्या त्या पहिल्या दोन शब्दांवर बोट ठेवी. ‘निर्दोष’ आणि ‘पुराव्याअभावी’ यांत काय अंतर असते हे त्या खोलीतल्या चारही माणसांना पाठ होते. क्लासच्या सरांनी दूरध्वनीवर ‘छान झालं’ म्हटले आणि लगेच विचारले, “मॅडम, आता तरी सांगा, ती उत्तरं कुठून आणायचात?”

निकाल २९ जूनला विद्यापीठात पोचला, मुदतीच्या एक दिवस आधी. अभ्यासाची रजा प्रबंधकांनी मंजूर केली. रजा संपल्यावर रुजू होण्याच्या हमीपत्राचे टंकलेखन टाक यांनीच केले. सप्टेंबरमध्ये ती गेली तेव्हा नवरा सोडायला आला होता. नणंद आली नव्हती. काम आहे म्हणाली.

टाक ३१ मे २०१८ रोजी ज्येष्ठ लघुलेखक म्हणूनच निवृत्त झाले. एकशेवीस १४ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याच न्यायालयात, आपल्याच जुन्या पदावर रुजू झाली.